अँबर एल म्हणजे काय? पबमधल्या तांबूस बिअरची चव ओळखायला कोल्हापूरची काकवी कशी कामाला येते?

पुण्यातला एक पब. शनिवारची संध्याकाळ. आम्ही तिघं मित्र. मेनूकार्डवर बिअरची सात-आठ नावं होती आणि त्यातलं एकही ओळखीचं नव्हतं. शेवटी वेटरनेच सुचवलं, "सर, आमची हाऊस अँबर एल ट्राय करा."

ग्लास आले. तांबूस रंग, वर साईसारखा फेस. एका मित्राने घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाला, "कॅरमल आहे. थोडी टॉफी. मागून बिस्किट."

मग मला विचारलं, "तुला कशी लागली?"

मी खरं ते सांगितलं. "काकवीसारखी."

टेबलावर हशा पिकला. "अरे, तू गावातून बाहेर आलास, पण काकवी काही तुझ्यातून बाहेर गेली नाही!" मीही हसलो आणि पुढचा तासभर चवीबद्दल एक अक्षर बोललो नाही.

मी गडमुडशिंगीचा. कोल्हापूरहून हुपरीकडे जाताना लागणारं करवीर तालुक्यातलं हे गाव. एका बाजूला उजळाईवाडीचा विमानतळ, दुसरीकडे गोकुळ शिरगावची एमआयडीसी आणि मधे ऊस. गोड आणि भाजकं असं काही एकत्र जिभेवर आलं की आमच्याकडे आधी काकवीच आठवणार, टॉफी नाही.

त्या रात्री घरी येऊन अँबर एल कशी बनते ते वाचत बसलो. वाचता वाचता लक्षात आलं की मी काही चुकीचं बोललो नव्हतो. या बिअरचा रंग आणि गोडवा जिथून येतो, त्याचं गुऱ्हाळाशी जवळचं नातं आहे.

म्हणून हा लेख. अँबर एल म्हणजे नक्की काय, ती तांबूस का असते, 'हाऊस' म्हणजे काय, तिची चव कशी घ्यायची आणि एका ग्लासचा हिशोब काय, हे सगळं सोप्या भाषेत.

आधी थोडक्यात

- अँबर एल ही तांबूस ते तपकिरी रंगाची बिअर. भाजक्या गोडव्याला मध्यम कडवटपणाची जोड, ही तिची ओळख.
- रंग बाहेरून घातलेला नसतो. तो भाजलेल्या जवातून येतो.
- अल्कोहोल साधारण ४.५ ते ६.२ टक्के.
- 'हाऊस' बिअर म्हणजे त्या पबने स्वतःची म्हणून बनवलेली किंवा बनवून घेतलेली बिअर.
- ५०० मिलीचा एक ग्लास पिऊन गाडी चालवली, तरी कायद्याची मर्यादा ओलांडली जाऊ शकते. याचं गणित खाली दिलंय.

एल आणि लागर, फरक काय?

आपल्याकडे दुकानात मिळणारी बहुतेक बाटलीबंद बिअर ही लागर असते. फिकट पिवळी, हलकी, एकदम थंडगार प्यायची. त्यामुळे बिअर म्हणजे हीच, असा आपला समज झालाय.

खरं तर बिअरची दोन मोठी घराणी आहेत, एल आणि लागर. दोघांनाही लागतात चारच गोष्टी. पाणी, जव (म्हणजे बार्ली), हॉप्स नावाच्या वेलीची फुलं आणि यीस्ट. मुख्य फरक पडतो तो यीस्टमुळे.

एलचं यीस्ट उबदार वातावरणात काम करतं, साधारण १८ ते २२ अंश सेल्सिअसला. पाव फुगवणारं यीस्ट आणि हे यीस्ट एकाच जातीचं, सॅकरोमायसिस सेरेव्हिसी. उबेत काम केल्यामुळे ते फळांसारखे काही वास तयार करतं. लागरचं यीस्ट वेगळ्या जातीचं. ते ८ ते १२ अंशांच्या थंडीत सावकाश काम करतं आणि त्यानंतर बिअर कित्येक आठवडे थंडीतच मुरू देतात. म्हणून लागर स्वच्छ आणि सरळ लागते, तर एलमध्ये चवीचे पदर जास्त असतात.

छोट्या पबना एल सोयीची पडते, त्याचं कारणही इथेच आहे. एल दोन-तीन आठवड्यांत तयार होते. लागर टाक्या अडवून बसते.

तांबूस रंग येतो कुठून?

याचं उत्तर आपल्या स्वयंपाकघरात आहे.

नाचणीचं सत्त्व कसं करतात ते आठवा. नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवायची, दळायची. मोड आले की दाण्याची चव गोडसर होते. कारण दाण्यातला पिष्टमय भाग साखरेत बदलणारी विकरं मोड येताना जागी होतात.

जवाचंही असंच करतात. भिजवून मोड आणलेला आणि मग उष्णतेवर वाळवलेला जव म्हणजे माल्ट. नुसता हलका वाळवला की फिकट माल्ट मिळतं, त्याची बिअर पिवळी होते. जास्त भाजला की रंग गडद होत जातो. अगदी काळपट होईपर्यंत भाजला की स्टाऊटसारखी काळी बिअर करता येते.

अँबर एलमध्ये बहुतेक भाग फिकट माल्टचाच असतो. त्यात थोड्या प्रमाणात एक खास माल्ट घालतात, क्रिस्टल किंवा कॅरमल माल्ट. या बिअरची सगळी गंमत त्यात आहे.

क्रिस्टल माल्ट बनवताना मोड आलेला जव वाळवत नाहीत. ओला असतानाच बंद भांड्यात साधारण ६५ ते ७० अंशांवर ठेवतात. या तापमानाला दाण्यातली विकरं जोरात काम करतात आणि सालीच्या आतच पिष्टाचा पाक होतो. मग उष्णता वाढवून दाणा भाजतात. आतला पाक तांबूस होऊन घट्ट बसतो. असा दाणा फोडला तर आत काचेसारखा चकचकीत गर दिसतो.

म्हणजे प्रत्येक दाण्यात एक छोटं गुऱ्हाळ!

मग काकवीचा संबंध काय?

गुऱ्हाळघर पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. उसाचा रस मोठ्या काहिलीत ओततात. खाली चुलवाणात वाळलेली चिपाडं जळत असतात. रस तापला की वर मळी येते, ती काढून टाकतात. रस स्वच्छ व्हावा म्हणून रानभेंडीचा चिकट रस घालतात. उकळून उकळून रस घट्ट आणि तांबूस होतो. साधारण १०५ अंशांच्या आसपास काहिलीतून काढला तर ती काकवी. तसंच पुढे ११८ अंशांच्या आसपास नेला तर गूळ. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

काकवीचा रंग आणि तो खास वास दोन गोष्टींतून येतो. एक, साखर स्वतः तापून तांबूस होणं. दुसरी, साखर आणि प्रथिनांचे घटक (अमिनो आम्लं) उष्णतेत एकमेकांशी भिडणं. या दुसऱ्या क्रियेला मेयार क्रिया म्हणतात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामिय मेयार यांनी १९१२ मध्ये तिचं वर्णन केलं. तांबड्या रश्श्याच्या वाटणासाठी कांदा-खोबरं भाजताना घरभर सुटणारा वास किंवा भाकरीवर पडणारे तपकिरी डाग, हे याच क्रियेचं काम.

माल्ट भाजतानाही बऱ्याच अंशी हीच क्रिया घडते. म्हणूनच टॉफी, बिस्किट, कॅरमल, काकवी आणि भाजलेली भाकरी या सगळ्या वासांची एकमेकांशी ओळख आहे. मित्राला टॉफी आठवली आणि मला काकवी. दोघांच्या नाकाने एकाच घराचा दरवाजा वाजवला होता.

एक खुलासा मात्र करायला हवा. साध्या अँबर एलमध्ये काकवी किंवा गूळ घातलेला नसतो. काकवीत मुख्यतः उसाची साखर असते. माल्टमधली साखर वेगळ्या प्रकारची आणि तिच्यातला बराचसा भाग यीस्ट खाऊन टाकतं. क्रिस्टल माल्टमधल्या काही साखरा मात्र यीस्टला पचत नाहीत, त्या मागे उरतात. म्हणून अँबर एल काकवीइतकी गोड कधीच नसते. काकवीची आठवण तेवढी येते.

कडू कशामुळे लागते?

नुसत्या माल्टची बिअर प्यायलात तर ती गोडमिट्ट लागेल. तोल साधायला येतात हॉप्स.

हॉप्स म्हणजे एका वेलीची हिरवी, शंकूसारखी फुलं. माल्टचा गोड काढा उकळताना ही फुलं टाकतात. जितका वेळ उकळतील तितका कडवटपणा उतरतो. शेवटच्या काही मिनिटांत टाकली तर कडवटपणा कमी आणि वास जास्त मिळतो. आपण मेथीदाणे फोडणीत किती वेळ ठेवतो त्यावर भाजी कडू होणार की खमंग हे ठरतं, तसंच काहीसं. भारतात हिमाचल प्रदेशच्या लाहौल भागात हॉप्स पिकतात, पण आपल्याकडच्या पबमधले बरेचसे हॉप्स परदेशातून येतात.

मेनूकार्डवर किंवा पबच्या फळ्यावर तुम्हाला तीन आकडे दिसू शकतात. त्यांचा अर्थ असा.

एबीव्ही: बिअरमध्ये अल्कोहोल किती टक्के आहे ते. अमेरिकन पद्धतीच्या अँबर एलमध्ये साधारण ४.५ ते ६.२.

आयबीयू: कडवटपणाचं माप. अँबर एलमध्ये साधारण २५ ते ४०. इंडिया पेल एल, म्हणजे आयपीए, याच्या बरीच पुढे जाते. फिकट लागर बरीच खाली राहते.

एसआरएम: रंगाचं माप. फिकट पिवळी बिअर २ ते ४ मध्ये, काळी स्टाऊट ३० च्या पुढे. अँबर एल १० ते १७ च्या दरम्यान. पितळी तांब्यापासून काळपट काकवीपर्यंतच्या छटा यात येतात.

'अँबर एल' हे नाव कुणाचं?

तांबूस बिअर जुनी आहे. अँबर एल हे नाव एका स्वतंत्र प्रकाराचं म्हणून रुळलं ते मात्र अमेरिकेत, १९८० च्या दशकात. तेव्हा तिकडे छोट्या ब्रुअरी नव्याने उभ्या राहत होत्या. पेल एलपेक्षा गडद, जास्त माल्टची, पण तितकीच ताजी अशी बिअर त्या विकू लागल्या. गिऱ्हाइकाला पटकन कळावं म्हणून रंगावरूनच नाव पडलं. कॅलिफोर्नियातल्या हॉपलँड गावात १९८३ मध्ये सुरू झालेल्या मेंडोसिनो ब्रुइंगची 'रेड टेल एल' ही त्यातली सुरुवातीची गाजलेली बिअर. योगायोग बघा, पुढे १९९७ मध्ये याच कंपनीत विजय मल्ल्यांच्या यूबी समूहाने मोठा हिस्सा घेतला.

तिची एक चुलत बहीणही आहे, आयरिश रेड एल. रंग जवळपास तोच, पण हॉप्स कमी आणि अल्कोहोलही थोडं कमी, ३.८ ते ५ टक्के. बेंगळुरूत सुरू झालेल्या आणि पुढे मुंबई-पुण्यात आलेल्या 'टॉइट'ची 'टॉइट रेड' ही या घराण्यातली. तेव्हा मेनूवर 'अँबर' दिसलं नाही आणि 'रेड' दिसलं, तर तुम्ही योग्य गल्लीतच आहात.

'हाऊस' बिअर म्हणजे काय?

ज्या पबला मायक्रोब्रुअरीचा परवाना आहे, तो आपली बिअर स्वतः बनवतो. अनेकदा काचेमागे त्या चकचकीत टाक्या दिसतात. काही पब दुसऱ्या छोट्या ब्रुअरीकडून आपल्या नावाची बिअर करून घेतात. दोन्हीला 'हाऊस' म्हणतात. त्यामुळे "इथेच बनते का?" हा प्रश्न बिनधास्त विचारा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

महाराष्ट्रात याची सुरुवात पुण्यातून झाली. २००९ मध्ये पुण्यात 'डूलाली' सुरू झाली. राज्यातली पहिली मायक्रोब्रुअरी म्हणून ती ओळखली जाते. आता हे नाव जरा मोठ्याने उच्चारून बघा. डूलाली. देवळाली!

नाशिकजवळच्या देवळालीत इंग्रजांचा लष्करी तळ होता. मायदेशी परतणारे गोरे सैनिक तिथे जहाजाची वाट बघत महिनोन् महिने पडून राहायचे. काम नाही, ऊन, ताप. काहींचं डोकं फिरायचं. त्यावरून इंग्रजीत वेड लागलेल्या माणसाला 'डूलाली टॅप' म्हणायला लागले. डूलाली म्हणजे देवळाली आणि टॅप म्हणजे आपला ताप. एक मराठी गाव इंग्रजी शब्दकोशात गेलं आणि तिथून पुण्यातल्या पबच्या पाटीवर परत आलं.

डूलालीनंतर पुणे आणि मुंबईत अशा बऱ्याच ब्रुअरी आल्या. आपल्या मातीतल्या गोष्टी वापरून बघणंही सुरू झालं. पुण्याच्या 'ग्रेट स्टेट एलवर्क्स'ने कोकम आणि मीठ घालून एल केली. म्हणजे सोलकढी पिणाऱ्या जिभेची दखल ब्रुअरीवाल्यांनी आधीच घेतलीय.

हाऊस बिअरचा फायदा म्हणजे ताजेपणा. बाटलीबंद बिअर टिकावी म्हणून बहुतेक वेळा तापवून जंतुमुक्त करतात, बारीक गाळतात. पबच्या टाकीतून येणारी बिअर सहसा अशी तापवलेली नसते. त्यामुळे वास जास्त, पण टिकाऊपणा कमी. दुसरी गोष्ट, प्रत्येक घाण्याची चव थोडी बदलते. गुऱ्हाळावरही दोन आधणांचा गूळ तंतोतंत सारखा निघत नाही.

चव कशी घ्यायची? पाच पायऱ्या

चव घेणं म्हणजे नाटकीपणा नाही. घाई न करणं, एवढंच.

१. आधी थोडीशी मागा. बऱ्याच मायक्रोब्रुअरीत छोट्या ग्लासात चाखायला देतात किंवा चार-सहा प्रकारांचा सॅम्पलर असतो. अख्खा ग्लास मागवण्याआधी तो घ्या. पैसे वाचतात आणि अल्कोहोलही कमी जातं.

२. बघा. ग्लास उजेडासमोर धरा. रंग तांबूस, पारदर्शक किंवा किंचित धुरकट असेल. फेस पांढरट ते साईच्या रंगाचा आणि थोडा वेळ टिकणारा हवा. ग्लासच्या आतल्या भिंतीला बुडबुडे चिकटून बसलेले दिसले, तर बहुतेक ग्लास नीट धुतलेला नाही.

३. वास घ्या. चवीचा मोठा भाग नाकातून कळतो. सर्दी झाल्यावर जेवण बेचव लागतं, ते याचमुळे. बिअर खूप थंड असेल तर वास दबलेला राहतो. अँबर एल ७ ते १२ अंशांना जास्त बोलकी असते. त्यामुळे बर्फाचा थर चढलेला ग्लास आला तर पाच मिनिटं थांबा. आता शोधा. भाजलेली भाकरी? काकवी? चिक्की? खारीक? संत्र्याची साल?

४. घोट घ्या आणि जिभेवर फिरवा. पहिला घोट फक्त तोंड ओलं करायला. खरी चव दुसऱ्या घोटात. सुरुवातीला गोडसर, मधे भाजकं, शेवटी कडवट, असा साधारण क्रम असतो. बिअर पाण्यासारखी पातळ वाटते की ताकासारखी थोडी भरीव, तेही बघा.

५. गिळल्यावर थांबा. दहा सेकंद काही बोलू नका. मागे काय उरलं? चांगल्या अँबर एलमध्ये गोडवा आधी जातो आणि स्वच्छ कडवटपणा हळूहळू विरतो. गोडवा चिकटून राहिला तर तोल माल्टकडे झुकलाय. घसा ओढल्यासारखा झाला तर हॉप्सकडे.

आता जे वाटलं ते आपल्या शब्दांत सांगा. टॉफी न खाल्लेल्या माणसाने टॉफी म्हणायची गरज नाही. इंग्रजी चवशब्द कुणीतरी आपल्या लहानपणीच्या आठवणीतूनच काढलेत. आपल्याकडेही आठवणी आहेत.

बिघडलेली बिअर कशी ओळखायची?

"मला बिअरमधलं कळत नाही" म्हणून अनेक जण खराब बिअरही गुपचूप पितात. पैसे आपले आहेत. या खुणा लक्षात ठेवा.

लोण्याचा किंवा पॉपकॉर्नचा वास: डायअसिटिल नावाचा घटक उरलाय. यीस्टला काम पूर्ण करायला वेळ दिला गेला नाही, हे याचं एक नेहमीचं कारण. पबमध्ये बिअर ओतणारी नळी अस्वच्छ असेल तरी असं होऊ शकतं.

कच्च्या हिरव्या सफरचंदाचा वास: बिअर पुरेशी मुरलेली नाही.

भिजलेल्या पुठ्ठ्याची चव: हवेचा संपर्क झालाय किंवा बिअर जुनी झालीय.

शिजवलेल्या कोबीचा किंवा मक्याचा वास: उकळण्याच्या टप्प्यावर काहीतरी राहून गेलंय.

व्हिनेगरसारखी आंबट: जिवाणूंचा शिरकाव. काही बिअर मुद्दाम आंबट करतात, पण अँबर एल त्यातली नाही.

यातलं काही जाणवलं तर शांतपणे सांगा, "यात पुठ्ठ्यासारखी चव येतेय, जरा बघता का?" 'आवडली नाही' म्हणण्यापेक्षा हे वाक्य जास्त काम करतं.

सोबत काय खायचं?

आता कोल्हापूरकरांचा खरा प्रश्न. तिखटासोबत कशी लागते?

मिरचीची जळजळ कॅप्सेसिनमुळे होते आणि ते पाण्यात विरघळत नाही. बिअरमध्ये बहुतेक पाणीच असतं, त्यामुळे बिअर पिऊन तिखट विझत नाही. उलट बुडबुडे आणि कडवटपणा जळजळ वाढवतात. म्हणून झणझणीत तांबड्या रश्श्यासोबत खूप कडू आयपीए म्हणजे आगीत तेल. अँबर एलचा माल्टचा गोडवा तिखटाला थोडा सांभाळून घेतो. मटण सुकं, तंदुरी कोंबडी, भाजलेले शेंगदाणे, म्हणजे जिथे भाजल्याचा वास आहे तिथे ती छान जुळते. आणि तोंड खरंच भाजलं असेल तर दही किंवा दूध घ्या. त्याला पर्याय नाही.

एका ग्लासचं गणित

आता सगळ्यात महत्त्वाचं. "एकच तर ग्लास घेतलाय, बिअरच आहे" हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. हिशोब करून बघू.

५०० मिलीचा ग्लास, ५ टक्के अल्कोहोल. म्हणजे २५ मिली शुद्ध अल्कोहोल. वजनात जवळपास २० ग्रॅम.

७० किलोच्या पुरुषाने हा ग्लास रिकाम्या पोटी भराभर प्यायला, तर प्रचलित सूत्रानुसार रक्तात १०० मिलीमागे साधारण ४० मिलिग्रॅम अल्कोहोल होऊ शकतं. ५५ किलोच्या स्त्रीच्या बाबतीत हाच आकडा ६० च्या पुढे जाऊ शकतो.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार मर्यादा आहे ३० मिलिग्रॅम. पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही.

म्हणजे एका ग्लासातच तुम्ही मर्यादेबाहेर जाऊ शकता. आणि शरीर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅमच अल्कोहोल निकाली काढतं. २० ग्रॅमला दोन-तीन तास. लिंबूपाणी, काळी कॉफी, तोंडावर पाणी मारणं यातलं काहीही हा वेग वाढवत नाही. तेव्हा पबला जाताना गाडी घरी. हा नियम पुण्यात जितका खरा, तितकाच रात्री अंधाऱ्या हुपरी रोडवर.

कायद्याच्या आणखी दोन गोष्टी. महाराष्ट्रात सौम्य बिअरसाठी किमान वय २१ आहे आणि कडक मद्यासाठी २५. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार मद्यपानासाठी परवानाही लागतो, हे अनेकांना माहीतच नसतं.

आणि एक आरोग्याची. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं की आरोग्यासाठी सुरक्षित असं अल्कोहोलचं कोणतंही प्रमाण नाही. संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अल्कोहोलयुक्त पेयं १९८८ पासूनच कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवली आहेत. बिअर त्यातून सुटत नाही, मग ती कितीही ताजी आणि कितीही 'क्राफ्ट' असो. ज्या महाराष्ट्रात बायकांनी मतदान करून, 'बाटली आडवी' करून गावातली दुकानं बंद पाडलीत, तिथे हे वेगळं सांगायला नको. तुम्ही पीत नसाल तर हा लेख वाचून सुरू करू नका. माल्टची चव कळायला भाजलेली भाकरी आणि काकवी पुरेशी आहे.

शेवटी, कुणाची जीभ बरोबर?

गेल्या हंगामात गावाकडे गेलो तेव्हा ओळखीच्या गुऱ्हाळावर थांबलो. काहिलीत पाक रटरटत होता. गुळव्याने त्याचे चार थेंब गार पाण्यात टाकले, बोटांनी चाचपून गोळी होतेय का बघितलं, वास घेतला आणि म्हणाला, "अजून जरा."

त्याच्याकडे ना एसआरएमचा तक्ता, ना चाखायला शिकवणारं सर्टिफिकेट. पण रंग, वास, घट्टपणा आणि वेळ या चारही गोष्टी त्याने त्या क्षणात तपासल्या. ब्रुअरीतला माणूसही टाकीसमोर उभा राहून वेगळं काय करतो?

मी त्यांना विचारलं, "मामा, काकवी चांगली झाली हे कसं ओळखता?"

ते म्हणाले, "खाऊन. आणि घाई न करता."

पुण्याला परत जाताना काकवीची एक बाटली सोबत नेली आणि त्या टॉफीवाल्या मित्राला चमचाभर दिली. त्याने डोळे मिटले. थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "अरे, ही तर त्या दिवशीची बिअर!"